‘तुला हे कसं कळलं?’ : पडद्यावरचे शेरलॉक होम्स आणि संशोधनाची पद्धत

हुशार माणूस विचार कसा करतो, याचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ते बरंचसं पडद्यावरून आलेलं असतं. आणि पडद्यावर वर्षानुवर्षं दिसत आलेला हुशार माणूस म्हणजे शेरलॉक होम्स. समोरच्यावर एक नजर टाकायची, दोन क्षण गप्प राहायचं आणि त्याची जन्मकुंडली मांडून मोकळं व्हायचं. बघणारे थक्क, आपणही थक्क.

बघायला मजा येते, यात वाद नाही. पण नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांशी बोलताना या चित्राची दुसरी बाजू दिसते. ‘‘मला काही असं चटकन सुचत नाही, मग मी रिसर्च कसा करणार?’’ हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी आळशी नसतात, कच्चेही नसतात. त्यांनी फक्त हुशारी म्हणजे वेग अशी गाठ बांधून घेतलेली असते. ही गाठ सोडवण्यासाठी आज आपण त्याच होम्सकडे जाऊ. तो पडद्यावर अनेकदा अवतरला आहे आणि प्रत्येक वेळी वेगळा आहे. कोणता नट जास्त देखणा किंवा कोणाचा कोट जास्त भारी, हा आपला विषय नाही. आपण प्रत्येक होम्सला तीन प्रश्न विचारणार आहोत.

एक, निष्कर्षाच्या आधी पुरावा आपल्याला दिसतो का? दोन, शेजारी उभा असलेला वॉटसन नेमकं काय करतो? तीन, होम्स चुकतो का, आणि चुकला तर पुढे काय होतं?

(पुढे काही कथांची गुपितं फुटणार आहेत, आधीच सांगून ठेवते.)

आधी मूळ ग्रंथ

पडद्यावर जाण्याआधी मूळ पुस्तकाशी दोन मिनिटं थांबू. ही सवय संशोधनात लागतेच. होम्सचं डोक्यावरचं ते दोन्ही बाजूंना टोक असलेलं टोपडं लोकांच्या मनात ठसलं ते सिडनी पॅजेट या चित्रकारामुळे. वाकडा पाइप रूढ केला रंगभूमीवरच्या विल्यम जिलेटने. ‘एलिमेंटरी’ म्हणत वॉटसनला गप्प करणारं ते प्रसिद्ध वाक्य तर त्या शब्दांत कॉनन डॉयलच्या एकाही कथेत नाही. म्हणजे ज्याला आपण ‘खरा होम्स’ समजतो, तो बराचसा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेला आहे. थिसिसमध्ये एखादा संदर्भ मूळ पेपर न वाचता दुसऱ्याच्या पेपरमधून उचलला की असंच होतं. एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने लिहिलं, आणि मूळ पेपरमध्ये ते नसतंच.

मूळ होम्स पहिल्यांदा भेटतो १८८७ साली, ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरीत. कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. एडिंबराला शिकताना डॉ. जोसेफ बेल या शिक्षकांची रुग्णाला पाहता पाहता निदान करण्याची हातोटी त्यांनी जवळून पाहिली होती. होम्स त्यातूनच घडला. आणि कादंबरीत तो वॉटसनला कुठे भेटतो? लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. तो आनंदाने ओरडत असतो, कारण त्याला असं रसायन सापडलंय जे फक्त हिमोग्लोबिनमुळेच साका देतं, इतर कशामुळेही नाही. मग तो स्वतःच्या बोटातून रक्ताचा थेंब काढतो, लिटरभर पाण्यात टाकतो आणि दाखवतो की दहा लाखांत एक भाग इतकं कमी रक्तही ओळखता येतं. रक्तडाग ओळखण्याची जुनी ग्वायकम चाचणी बेभरवशाची का, हेही सांगतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे लगेच खूण पटेल. चाचणी नेमकी हवी आणि संवेदनशीलही हवी, या दोन कसोट्या होम्स इथे लावतोय. म्हणजे लेखकाने त्याची ओळख करून दिली ती चाचणी पारखून घेणारा माणूस म्हणून. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची कसरत त्यानंतर येते.

अफगाणिस्तानचा प्रश्न

आता ती प्रसिद्ध कसरत. वॉटसनला पाहताच होम्स सांगतो की तुम्ही अफगाणिस्तानात होतात. पुस्तकातला वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून आपल्या मुंबई बंदरात उतरलेला, तिथून कंदाहारला गेलेला आणि १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला. होम्सची साखळी अशी : डॉक्टरी पेशा दिसतो, पण ऐट सैनिकाची, म्हणजे लष्करी डॉक्टर. चेहरा रापलेला, मनगटं मात्र गोरी. म्हणजे उष्ण प्रदेशातून आलाय. चेहरा ओढलेला, डावा हात अवघडलेला; म्हणजे आजार आणि जखम. इंग्रज लष्करी डॉक्टरला हे सगळं कुठे भोगावं लागलं असेल? अफगाणिस्तानात.

होम्स याला ‘डिडक्शन’ म्हणतो. आपल्या तर्कशास्त्रात त्याला निगमन म्हणतात. पण हे निगमन आहे का? निगमनात आधीची विधानं खरी असतील तर निष्कर्ष चुकूच शकत नाही. इथे तो चुकू शकतो. त्याच काळात, १८७९ ते १८८१ मध्ये, इंग्रज सैन्य दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी आणि बोअरांशीही लढत होतं. ऊन तिथेही होतं, गोळ्याही होत्या.

सकाळी उठल्यावर अंगण ओलं दिसलं, तर आपण म्हणतो रात्री पाऊस पडला. पण आजीने सडा घातलेला असू शकतो. ओल्या अंगणावरून पावसाकडे जाणं म्हणजे हाती असलेल्या खुणांचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण निवडणं. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने अशा अनुमानाला ‘अ‍ॅबडक्शन’ असं नाव दिलं. शितावरून भाताची परीक्षा करतो ते विगमन. ओल्या अंगणावरून पाऊस ठरवतो ते हे तिसरं. संशोधनात गृहीतक जन्माला येतं ते याच वाटेने. पण जन्मलं म्हणजे सिद्ध झालं नव्हे. रस्ताही ओला आहे का, हे बाहेर जाऊन बघावं लागतं.

आता बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका घ्या. २०१० चा पहिला भाग, बेनेडिक्ट कंबरबॅच आणि मार्टिन फ्रीमन. तिथे होम्स विधान करत नाही, प्रश्न विचारतो : अफगाणिस्तान की इराक? काळ बदलला म्हणून संवाद बदलला, एवढंच आपल्याला वाटतं. पण पद्धतीच्या दृष्टीने हा बदल मूळ पुस्तकापेक्षा प्रामाणिक आहे. उपलब्ध खुणांवरून दोन शक्यता उरतात, तिसरी नाही, आणि त्या दोघींत निवड करायला माझ्याकडे माहिती नाही, असं तो प्रश्नातून कबूल करतोय. व्हायव्हामध्ये असं उत्तर देणारा विद्यार्थी परीक्षकांना आवडतो.

याच भागात जॉनच्या मोबाइलवरून होम्स त्याच्या भावाबद्दल सगळं सांगतो : दारू पितो, लग्न मोडलंय, नाव हॅरी. ‘द साइन ऑफ फोर’मधल्या घड्याळाच्या प्रसंगाचा हा नवा अवतार आहे. चार्जिंगच्या जागेभोवतीच्या ओरखड्यांवरून हात थरथरतो, हे तो दाखवून देतो. पुरावा आणि निष्कर्ष, दोन्ही आपल्यासमोर. आणि शेवटी कळतं की हॅरी भाऊ नसून बहीण आहे. होम्स चडफडतो, पण मान्य करतो की काहीतरी सुटतंच. या पहिल्या भागाला आपल्या तिन्ही प्रश्नांत चांगले गुण द्यावे लागतात.

वेग दिसतो, वाट दिसत नाही

मग या मालिकेबद्दल तक्रार काय? तक्रार पुढच्या भागांबद्दल आहे. सुरुवातीला पडद्यावर उमटणारी अक्षरं आपल्याला होम्सची नजर कुठे गेली ते दाखवायची : कोट ओला, अंगठी बाहेरून मळकी पण आतून चकचकीत. हळूहळू त्यांची जागा ‘माइंड पॅलेस’ने घेतली. होम्स डोळे मिटतो, हातवारे करतो, आणि डोक्यातल्या महालातून उत्तर काढून आणतो. महालात काय होतं हे आपल्याला आधी माहीत नसतं. म्हणजे प्रेक्षक बरोबरीने विचार करू शकत नाही. तो फक्त टाळ्या वाजवू शकतो.

कळस झाला २०१४ च्या ‘द एम्प्टी हर्स’मध्ये. इमारतीवरून उडी मारून होम्स वाचला कसा, हा प्रश्न घेऊन प्रेक्षक दोन वर्षं थांबले होते. मालिकेने एक सोडून तीन स्पष्टीकरणं दाखवली आणि शेवटच्यावरही शंकेची छाया ठेवली. लेखकांनी चाहत्यांच्या तर्कटांची केलेली ती गंमत आहे, हे मान्य. पण परिणाम असा, की निष्कर्ष आहे आणि पद्धतीचं प्रकरण कोरं. असा पेपर रिव्ह्यूसाठी आला तर आपण काय करू? परत पाठवू.

गाय रिचीच्या चित्रपटांत (२००९ आणि २०११) रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा होम्स मारामारीआधी प्रत्येक ठोसा मनात संथपणे खेळून बघतो आणि मग तसाच मारतो. वरवर हीसुद्धा वेगाची जादू. पण इथे एक फरक आहे. भाकीत आधी आपल्याला दाखवलं जातं, प्रयोग नंतर. दुसऱ्या चित्रपटात एकदा सिम नावाची बाई मध्येच सुरी फेकते आणि त्याचा सगळा बेत बिघडतो. शेवटी मोरिआर्टीही तेच गणित मनात मांडत असतो, आणि आपला खांदा जखमी असल्यामुळे आपण हरणार, असं होम्सचंच गणित त्याला सांगतं. आपल्या मॉडेलचं उत्तर आपल्याविरुद्ध गेलं तरी त्यावर विश्वास ठेवून तो बेत बदलतो. ठोसाठोशीच्या सिनेमात ही गोष्ट सापडावी, याची गंमत वाटते.

वॉटसन म्हणजे टाळ्या वाजवणारा नव्हे

दुसरा प्रश्न वॉटसनचा. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी चौदा चित्रपट केले. रॅथबोनचा होम्स रुबाबदार, धारदार. ब्रूसचा वॉटसन मात्र गोंधळलेला, भाबडा, हसं करून घेणारा. ब्रूस विनोदी कामात तरबेज होते आणि त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटतो, पण या जोडीने एक घातक समज पक्का केला : एकाची हुशारी उठून दिसायला दुसरा मूर्ख असावा लागतो.

काही संशोधनगटही असेच चालतात. एक माणूस बोलतो, बाकीचे माना डोलावतात, आणि ‘सर, हे कसं?’ असं विचारणाऱ्याकडे सगळे वळून बघतात. तुम्ही जिथे प्रवेश घेणार आहात तिथे हे चित्र आहे का, ते आधी बघून घ्या. एखाद्या ग्रुप मीटिंगला बसायची परवानगी मागा आणि प्रश्न कोण विचारतंय तेवढं मोजा.

पुस्तकातला वॉटसन असा नाहीच. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये होम्स लंडनला थांबल्याचं सांगतो आणि वॉटसनला डार्टमूरच्या माळावर पाठवतो. कादंबरीचा मोठा भाग वॉटसनच्या पत्रांनी आणि डायरीने भरलेला आहे. होम्स त्याला सांगतो की मला तुमचे तर्क नकोत, जे दिसेल ते जसंच्या तसं कळवा. हे फील्डवर्क आहे, आणि निरीक्षण व अर्थ वेगळे ठेवण्याचा धडासुद्धा. म्हणून ही कादंबरी पडद्यावर येते तेव्हा वॉटसनच्या वाट्याला किती येतं, यावरून त्या रूपांतराची पारख करता येते. बीबीसीच्या २०१२ च्या रूपांतरात होम्स स्वतःच जॉनसोबत डार्टमूरला जातो. वॉटसनचं स्वतंत्र फील्डवर्क तिथेच संपलं.

वॉटसनला सर्वांत मान दिला तो, माझ्या मते, रशियन भाषेतल्या मालिकेने. लेनफिल्मची निर्मिती, दिग्दर्शक इगोर मास्लेन्निकोव्ह, काळ १९७९ ते १९८६. होम्स वासिली लिवानोव्ह आणि वॉटसन विताली सोलोमिन. पहिल्या भागात वॉटसनच डिटेक्टिव्ह होतो. हा नवा रूममेट कोण? घरी चमत्कारिक लोक येतात. गुन्ह्यांची, विषांची खडान्‌खडा माहिती. साधं सामान्यज्ञान मात्र शून्य. सगळे पुरावे नीट जुळवून वॉटसन निष्कर्ष काढतो की हा गुन्हेगारांचा म्होरक्या असणार! पुरावे खरे, जुळणी चोख, उत्तर साफ चूक. आपल्याकडच्या सगळ्या बिंदूंतून जाणारी रेषा काढता आली म्हणजे ती बरोबर असते असं नाही, हे यापेक्षा हसत-खेळत कुणी शिकवलेलं मी पाहिलेलं नाही.

कुत्रा गप्प का राहिला?

पुरावा आधी दाखवण्याच्या बाबतीत ग्रॅनाडाची मालिका (१९८४ ते १९९४) अजूनही पहिल्या नंबरवर आहे. जेरेमी ब्रेट होम्स. वॉटसन आधी डेव्हिड बर्क, नंतर एडवर्ड हार्डविक. दोन्ही वॉटसन समंजस, डोळस. ब्रेटचा होम्स जमिनीवर पालथा पडतो, गवतात रांगतो, भिंगातून बघत बसतो. पुरावा गोळा करताना कपडे मळतात, हे त्याच्याकडे बघून कळतं.

या मालिकेतला १९८८ चा ‘सिल्व्हर ब्लेझ’ जरूर बघा. शर्यतीचा घोडा गायब आहे, त्याचा ट्रेनर मेलेला आहे. रात्री कुणीतरी तबेल्यात शिरून घोडा नेला, पण कुत्रा भुंकला नाही. काहीच न घडणं, हाच पुरावा. आपण याला निगेटिव्ह रिझल्ट म्हणतो आणि वहीत मागच्या पानावर टाकतो. पण लक्षात घ्या, कुत्र्याचं गप्प राहणं पुरावा ठरतं ते एका अटीवर : परका आला तर तो भुंकतो, हे आधी पक्कं माहीत हवं. कंट्रोल नसेल तर शांततेला अर्थ नाही.

मूळ कथेत आणखी दोन सुंदर गोष्टी आहेत. पहारेकरी पोराला अफू दिली होती ती मटणाच्या करीतून. अफूच्या पुडीला चव असते, साध्या जेवणात ती लगेच कळली असती. मग त्या रात्री नेमकी करी करायचं कुणाच्या हातात होतं? बाहेरून आलेल्या संशयिताच्या तर नक्कीच नव्हतं. आणि दुसरी : नाजूक सुरीने घोड्याच्या पायाची शीर हलकेच कापायची, तर माणूस आधी कशावर तरी हात बसवेल, असं होम्सला वाटतं. म्हणून तो मेंढ्या सांभाळणाऱ्या तबेल्यातल्या पोराला विचारतो की अलीकडे मेंढ्यांना काही झालं का. उत्तर येतं, तीन लंगडायला लागल्यात. गृहीतकातून असं भाकीत काढायचं, जे खोटं ठरू शकतं, आणि मग जाऊन तपासायचं. इथे होम्स ओल्या अंगणावर थांबत नाही, रस्त्यावर जाऊन बघतो.

ग्रॅनाडाची मालिका निर्दोष आहे असं नाही. मालिकेचे एकेचाळीस भाग झाले, पण त्यात ‘द यलो फेस’ नाही. १८९३ च्या या कथेत होम्स चुकतो. बायको एका झोपडीत गुपचूप जाते, असं एक नवरा सांगतो. होम्स लगेच कथा रचतो : तिचा पहिला नवरा जिवंत असणार, तो तिला धमकावत असणार. प्रत्यक्षात तिथे असते तिची लहान मुलगी. पहिला नवरा कृष्णवर्णीय होता, मुलगी त्याच्यावर गेलेली, आणि लोक काय म्हणतील या भीतीने आईने तिला मुखवट्याआड लपवलेलं. दुसरा नवरा त्या पोरीला उचलून कडेवर घेतो आणि कथा संपते. होम्स वॉटसनला सांगून ठेवतो की यापुढे माझा आत्मविश्वास फाजील वाटला, तर कानात फक्त ‘नॉरबरी’ म्हणा. नॉरबरी हे त्या गावाचं नाव.

मालिका सगळ्या साठ कथांपर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे या एका कथेवरून कुणावर आरोप करायचा नाही. पण पडद्यावर कोणत्या कथा पुन्हा पुन्हा येतात ते बघा : होम्स जिंकतो त्या. यशस्वी प्रयोग छापून येतात, फसलेले कपाटात राहतात, पडद्याचंही तेच. मग बाहेरून बघणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, हे लोक कधी चुकतच नाहीत.

चुकल्यावर काय?

‘नॉरबरी’ हा शब्द बीबीसीने २०१७ च्या ‘द सिक्स थॅचर्स’मध्ये वापरला, पण माणसाचं नाव म्हणून. होम्स त्या बाईला डिवचत राहतो, ती गोळी झाडते, आणि ती झेलून जॉनची बायको मेरी मरते. मूळ कथेत चूक ही एक नोंद होती. इथे ती शोकांतिका झाली. नाट्य म्हणून जोरदार आहे, पण चुकणं म्हणजे सर्वनाश असं शिकवणारी गोष्ट संशोधकाच्या कामाची नाही. अशा भीतीने माणूस चूक लपवायला शिकतो.

म्हणूनच मला बीबीसीचा २०१२ चा डार्टमूरचा भाग, वॉटसनवर अन्याय करूनही, पुन्हा बघावासा वाटतो. होम्स आणि त्याचा अशील हेन्री, दोघांना दरीत राक्षसी कुत्रा दिसतो. जॉनला दिसत नाही. होम्स विचार करतो : मी आणि हेन्रीने हेन्रीच्या घरची साखर घेतली, जॉन साखर घेत नाही. म्हणजे साखरेत भ्रम निर्माण करणारं औषध आहे. तो जॉनला ती साखर घातलेली कॉफी पाजतो आणि एका प्रयोगशाळेत कोंडतो. जॉनला खरोखर कुत्रा ‘दिसतो’. गृहीतक सिद्ध!

पण साखर तपासली तर तिच्यात काहीच निघत नाही. खरं कारण दरीतल्या धुक्यात होतं, आणि प्रयोगशाळेत त्याच वायूची नळी गळत होती. चूक कुठे झाली ते पाहा. ज्या दोघांनी साखर खाल्ली, तेच दोघे दरीत होते. ज्याने खाल्ली नाही, तो दरीत नव्हता. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि होम्सने त्यातली एकच धरली. वर त्याने जो प्रयोग केला, त्यातही तोच दुसरा घटक नकळत शिरला. प्रयोग यशस्वी झाला, तो चुकीच्या कारणाने. साखर तपासायचे कष्ट त्याने घेतले नसते, तर हे कधीच कळलं नसतं. आणि हो, मित्राला न विचारता त्याच्यावर प्रयोग करणं कोणतीही एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही. मेथडॉलॉजीचे तीन तास या एका भागावर घेता येतील.

चुकीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न अमेरिकेतल्या ‘एलिमेंटरी’ने (२०१२ ते २०१९) जास्त प्रामाणिकपणे विचारला. जॉनी ली मिलरचा होम्स न्यूयॉर्कमध्ये राहतो, व्यसनातून बाहेर येण्यासाठी रोज झगडतो. लूसी लूची जोन वॉटसन आधी सर्जन असते, मग त्याची सोबतीण, मग शिकाऊ, आणि शेवटी स्वतंत्र डिटेक्टिव्ह. पहिल्या दिवशी जिला काही येत नाही ती शिकत शिकत बरोबरीची होते, हे दाखवणारा दुसरा होम्सपट मला आठवत नाही. हा होम्स गणितज्ञाला बोलावतो, इतर जाणकारांना विचारतो. दुसऱ्या सीझनच्या ‘ट्रेमर्स’ या भागात, संशयाच्या फेऱ्यात सापडून ज्याचं आयुष्य विस्कटलं असा माणूस होम्सवर गोळी झाडतो आणि ती डिटेक्टिव्ह बेलला लागते. मग होम्स आणि जोनला चौकशीला उभं राहावं लागतं. तुम्ही असं का केलंत, हा प्रश्न तिथे आदराने विचारला जात नाही. जाब म्हणून विचारला जातो.

शेवटचा होम्स ९३ वर्षांचा. ‘मिस्टर होम्स’ (२०१५), दिग्दर्शक बिल कॉन्डन, नट इयन मकेलन. त्याची स्मरणशक्ती ओसरते आहे. नाव आठवलं नाही की डायरीत एक ठिपका काढा, असं डॉक्टर सांगतात, आणि पानं ठिपक्यांनी भरत जातात. स्वतःच्या ऱ्हासाचा डेटा तो स्वतः गोळा करतोय. त्याला आपल्या शेवटच्या केसचा खरा वृत्तांत लिहायचा आहे, कारण वॉटसनने छापलेला खरा नव्हता; पण हाताशी फक्त एक फोटो आणि एक हातमोजा. लॅब नोटबुक रोज का लिहायची, हे मी यापुढे कुणाला वेगळं सांगणार नाही, हा सिनेमा बघा म्हणेन. त्या केसमध्ये त्याने सगळं बरोबर ओळखलेलं होतं, तरी त्या बाईला वाचवता आलं नाही, कारण ती उत्तर मागायला आलीच नव्हती; तिला सोबत हवी होती. पुढे घरातल्या लहान मुलाला माश्या डसतात आणि त्याची आई मधमाश्यांच्या पेट्या जाळायला निघते. म्हातारा होम्स अडवतो : मधमाशी नांगी जखमेत सोडून जाते, इथे एकही नांगी नाही, म्हणजे या गांधीलमाश्या. पुन्हा तोच न भुंकलेला कुत्रा. पण या वेळी उत्तर कुणाला दिपवण्यासाठी नाही, काहीतरी वाचवण्यासाठी आहे.

आता तुमचं काम

माझा कौल सांगते. पुरावा वाचायला शिकायचं तर ग्रॅनाडा बघा. शिकणं आणि चुकीची जबाबदारी घेणं बघायचं तर ‘एलिमेंटरी’. संशोधन कशासाठी, हा प्रश्न पडला असेल तर ‘मिस्टर होम्स’. बीबीसी दोनदा बघा, एकदा मजेसाठी आणि एकदा पेन घेऊन.

पेन घेऊन म्हणजे असं : कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात होम्सला दिसलेली गोष्ट, दुसऱ्यात त्याने काढलेला निष्कर्ष, तिसऱ्यात त्याच खुणेचं तुम्हाला सुचलेलं दुसरं स्पष्टीकरण. व्हिडिओ थांबवत थांबवत भरा. एका भागाला दोन-तीन तास लागतील. तिसरा रकाना भरायला वेळ लागतोय म्हणून वैतागू नका. संशोधन त्या रकान्यातच होतं, आणि त्याला घड्याळ लावलेलं नसतं. मग तोच कागद तुमच्या सिनॉप्सिससाठी वापरा. आरआरसीसमोर उभं राहाल तेव्हा समिती वॉटसनचा प्रश्न विचारणार आहे : तुला हे कसं कळलं? चटकन उत्तर देणाऱ्यापेक्षा वाट दाखवून उत्तर देणाऱ्याचं तिथे जास्त ऐकतात.